हरवलेली पिंपं आणि 'जोडी'ची गोष्ट

तेल, ऊर्जा किंवा महागाई यांपैकी कशावरही संशोधन करायचं ठरवलंत, की पहिल्या महिना-दोन महिन्यांतच तुम्ही 'जोडी' नावाच्या डेटाबेसपाशी येऊन पोहोचाल. जॉइंट ऑर्गनायझेशन्स डेटा इनिशिएटिव्ह या लांबलचक नावाचं हे लघुरूप. (मराठीत ते आपोआप 'जोडी' होतं, आणि अर्थही जुळतो, कारण तेल विकणारे देश आणि विकत घेणारे देश या दोघांचा हिशोब तिथे शेजारी शेजारी मांडलेला असतो.) फाइल फुकट मिळते, दर महिन्याला नवी येते आणि बहुतेक जण ती उघडून थेट रिग्रेशनकडे वळतात. तिथे वळण्याआधी ही फाइल कुठून आली ते बघा. पन्नासेक वर्षांपूर्वी अशी फाइल निघेल असं कुणाला सांगितलं असतं, तर तो हसला असता.

गोष्ट १९९८ पासून सुरू करू. आशियातलं आर्थिक संकट ऐन भरात होतं, मागणी खचली होती आणि डिसेंबरपर्यंत तेलाचा भाव पिंपामागे जेमतेम १० डॉलरवर आला. पॅरिसची आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था, म्हणजे आयईए, दर महिन्याला बाजाराचा अहवाल काढते. तिच्या आकड्यांनुसार जगात तेल निघत होतं जास्त आणि खपत होतं कमी. आता हिशोब साधा आहे: जे निघालं आणि खपलं नाही, ते कुठल्या तरी टाकीत दिसायला हवं. पण ज्या देशांच्या टाक्या नीट मोजता येत होत्या, म्हणजे मुख्यतः श्रीमंत ओईसीडी देशांच्या, तिथे एवढं तेल नव्हतंच. कोट्यवधी पिंपांचा पत्ता लागेना. यालाच तेव्हा 'मिसिंग बॅरल्स' म्हणजे हरवलेली पिंपं असं नाव पडलं.

एक शक्यता अशी, की तेल खरंच होतं, पण ओईसीडीबाहेरच्या, कुणी न मोजलेल्या टाक्यांमध्ये. दुसरी अशी, की ते कधी नव्हतंच: उत्पादन जास्त धरलं गेलं असेल किंवा विकसनशील देशांची मागणी कमी धरली गेली असेल. हा वाद नुसता आकडेतज्ज्ञांचा नव्हता. बाजाराला 'तेल उतू चाललंय' असं वाटलं की भाव पडतो. आणि ते वाटणंच चुकीच्या आकड्यावर उभं असेल, तर? तेलाच्या उत्पन्नावर अर्थसंकल्प चालवणारे देश आणि अमेरिकेतले छोटे विहीरमालक यांना तो भाव परवडणारा नव्हता. न्यू मेक्सिको या तेल काढणाऱ्या राज्याचे सिनेटर पीट डोमेनिची यांनी विचारणा केली आणि अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने १९९९ मध्ये आयईएच्या आकडेवारीच्या पद्धतीवर अहवाल काढला. दुसऱ्याच्या पद्धतीची तपासणी कशी करतात हे शिकायचं असेल, तर तो वाचाच.

इथे एक गोष्ट वहीत लिहून ठेवा. 'हरवलेली पिंपं' हा कुणी मोजलेला आकडा नव्हता. ती वजाबाकीनंतरची बाकी होती. उत्पादन, मागणी आणि साठा या तिन्हींतल्या सगळ्या चुका त्या एका ओळीत जमा झाल्या होत्या.

मग प्रश्न येतो, की आकडे इतके कच्चे का होते? याचं उत्तर थोडं मागे आहे. १९७३ च्या तेलबंदीनंतर आयात करणाऱ्या देशांनी १९७४ मध्ये आयईए उभी केली. तिच्या मूळ करारात साठे ठेवण्याच्या कलमांसोबत बाजाराची माहिती गोळा करण्याचं एक स्वतंत्र प्रकरणच आहे. म्हणजे माहिती हे सुरुवातीपासून संरक्षणाचं साधन होतं, आणि ते एका बाजूचं होतं. दुसऱ्या बाजूला १९६० ची ओपेक. १९८२ पासून तिथे सदस्य देशांना कोटे लागले, आणि कोटा आला की उत्पादन कमी दाखवण्याचा मोह आलाच. म्हणून स्वतः ओपेकच बाहेरच्या संस्थांचे अंदाज वापरू लागली. आजही तिच्या मासिक अहवालात उत्पादनाचे दोन तक्ते असतात: एक 'दुय्यम स्रोतां'चा आणि एक देशांनी थेट कळवलेल्या आकड्यांचा. एकाच देशाची एकाच महिन्याची दोन उत्तरं! ज्यांना विषय सापडत नाही त्यांनी या दोन तक्त्यांमधला फरक एकदा काढून बघावा.

तर अशा परस्परांवर विश्वास नसलेल्या दोन गटांना एकत्र आणलं ते या घसरणीने आणि त्यानंतर भाव पुन्हा चढला त्या उलथापालथीने. नोव्हेंबर २००० मध्ये रियाधला आंतरराष्ट्रीय ऊर्जा मंचाच्या बैठकीत मंत्र्यांनी चांगल्या आकडेवारीची मागणी केली. एप्रिल २००१ मध्ये सहा संस्थांनी प्रयोग सुरू केला: आयईए, ओपेक, एपेक, युरोस्टॅट, लॅटिन अमेरिकेची ओलाडे आणि संयुक्त राष्ट्रांचा सांख्यिकी विभाग. सहा महिन्यांत ५५ देश आले, आणखी सहा महिन्यांत सत्तरहून जास्त.

मला यात सगळ्यात हुशारीचं वाटतं ते त्यांचं प्रश्नपत्रक. सुरुवातीच्या पत्रकात फक्त ४२ रकाने होते: कच्चं तेल आणि मोजकी उत्पादनं, त्यांचं उत्पादन, मागणी आणि साठा, तेही मागच्या दोन महिन्यांपुरतं. ज्या देशाच्या खात्यात दोन माणसं काम करतात, त्यालाही ते भरता यावं हा हेतू. पण ४२ रकान्यांसाठीसुद्धा व्याख्या ठरवाव्या लागतात. गॅससोबत निघणारं द्रव 'कच्चं तेल' धरायचं का? बंदरावर परदेशी जहाजात भरलेलं इंधन कुणाची मागणी? एक देश टनात मोजतो, दुसरा पिंपात, आणि एका टनात किती पिंपं हे तेलाच्या घनतेवर ठरतं.

पुढचं थोडक्यात: २००५ च्या सुरुवातीला समन्वयाचं काम ऊर्जा मंचाच्या रियाधमधल्या सचिवालयाकडे गेलं आणि त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला डेटाबेस सर्वांसाठी खुला झाला. २००८ मध्ये भाव १४७ डॉलरपर्यंत जाऊन कोसळला, तेव्हा २००९ च्या पिट्सबर्ग परिषदेत जी-२० नेही आकडे नियमित प्रसिद्ध करण्याचं आश्वासन दिलं.

आता वापराविषयी. तक्त्यातले रंग बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. निळा म्हणजे आकडा तुलनेला बऱ्यापैकी योग्य, पिवळा म्हणजे आधी सोबतची टीप वाचा, पांढरा म्हणजे कुणी तपासलेलाच नाही. देशांच्या सहभागाला तर चक्क हसऱ्या चेहऱ्यांनी गुण देतात (हो, स्मायली!). आकडे नंतर सुधारले जातात, म्हणून डाउनलोडची तारीख फाइलच्या नावातच टाका, नाहीतर सहा महिन्यांनी तुमचाच निकाल तुम्हाला परत मिळणार नाही. भारताची मालिका घेणार असाल तर पेट्रोलियम मंत्रालयाच्या पीपीएसी या कक्षाचे मासिक तक्ते शेजारी ठेवा. ते मेट्रिक टनात असतात.

आणि रिकाम्या जागाही डेटा म्हणूनच वाचा. चीनने आपल्या राखीव साठ्याचा पहिला अधिकृत आकडा दिला तो थेट नोव्हेंबर २०१४ मध्ये: चार ठिकाणी मिळून १.२४३ कोटी टन. रशियाने २०२३ मध्ये आपल्या तेल उत्पादनाचे आकडे जाहीर करणं बंद केलं. त्याच्या वर्षभर आधी, मार्च २०२२ मध्ये, ओपेक आणि तिच्या सहकारी देशांनी आयईएला आपल्या दुय्यम स्रोतांच्या यादीतून काढून टाकलं आणि तिच्या जागी दोन खासगी सल्लागार कंपन्या घेतल्या. 'जोडी'च्या भागीदारांच्या यादीत मात्र या दोन्ही संस्था अजून शेजारी शेजारी आहेत.