चेन रेस्टॉरंटमध्ये आपण नेमके कशाचे पैसे देतो?

दहिसर स्टेशनबाहेर गरम वडापाव मिळत असताना लोक जास्त पैसे मोजून बर्गर का खातात? कारण ते पैसे फक्त बर्गरचे नसतात. एसी, स्वच्छ टॉयलेट आणि तासभर बसलं तरी सहसा कोणी उठवत नाही अशी जागा, हेही त्यात आलं. वन-रूम-किचनच्या उपनगरात ही छोटी गोष्ट नाही.

मॅकडोनाल्ड्स १९९६ मध्ये भारतात आलं. पुढे तीच पद्धत वडापावलाही लागली. २००१ मध्ये वेस्टर्न लाइनवरच्याच मालाडमध्ये 'जंबोकिंग' सुरू झालं, २००४ मध्ये कल्याणमध्ये 'गोली'.

बहुतेक चेनमध्ये पॅटी कारखान्यात बनते, गोठवून येते, दुकानात फक्त तळतात. त्यामुळे आचारी सुट्टीवर गेला तरी चव तीच. पण गिऱ्हाइकाची आवड ओळखून कोणी बटाट्यात लसूण वाढवत नाही. फ्रँचायझी घेणाऱ्यालाही मेन्यू बदलता येत नाही, आणि रॉयल्टी वेगळी. शिवाय मोठी कंपनी नाक्यावरच्या गाळ्याला जे भाडं देऊ शकते, ते शेजारच्या उडप्याला झेपेलच असं नाही. आपली खरी गैरसोय तिथे आहे, कारण कटिंग चहा तिथेच मिळतो.

एक फायदा मात्र कोणी वापरत नाही. दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या रेस्टॉरंटना एफएसएसएआयच्या नियमानुसार मेन्यूवर कॅलरी लिहाव्या लागतात. गाडीवाल्याला हे बंधन नाही. कॉम्बो मागवण्याआधी बर्गर, फ्राइज आणि कोल्ड्रिंकचे आकडे एकदा बेरीज करून बघा.