यमक, ठेका आणि जी जी

हल्ली पुण्या-मुंबईकडची तरुण मंडळी 'इम्प्रोव्ह' नावाचा एक प्रकार करतात. संहिता नाही, पाठांतर नाही; प्रेक्षकांतून कुणी तरी विषय द्यायचा आणि उभ्या उभ्या नाटक करायचं. त्याआधी अंग आणि जीभ मोकळी व्हावी म्हणून गोल करून उभं राहायचं, टाळ्यांचा ठेका धरायचा, एकानं शब्द टाकायचा आणि शेजाऱ्यानं ठेका न चुकवता त्याचं यमक जुळवायचं. चुकला तो बाद. असल्या नाट्यखेळांचं शास्त्र अमेरिकेत व्हायोला स्पोलिन या बाईंनी १९६३ साली पुस्तकात मांडलं. त्यामुळे आता ते आपल्याकडे रीतसर फी भरून शिकता येतं.

आमच्या खंडाळ्यात हे सांगितलं, तर म्हातारी माणसं विचारतील, "मग यात नवीन काय?" आमचा खंडाळा म्हणजे लोणावळ्याशेजारचा, सिनेमातल्या गाण्यातला नव्हे. आमचा पुणे-सातारा रस्त्यावरचा, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचा. आमच्यावर कुणी गाणं रचलं नसेल. पण आमच्याच तालुक्यातल्या नायगावात १८३१ साली सावित्रीबाई फुले जन्मल्या आणि १८५४ साली त्यांचा 'काव्यफुले' हा संग्रह छापून निघाला. तेव्हा यमकाच्या खात्यावर आमच्या तालुक्याची शिल्लक नाही, असं कुणी म्हणू नये. आणि घाट चढून दक्षिणेला उतरलं, की पुढचा सगळा सातारा-सांगलीचा मुलूख शाहिरांचा आणि तमाशाचा.

या मुलखात हा खेळ गोल करून नव्हे, समोरासमोर बसून खेळत. त्याचं नाव कलगी-तुरा. कलगीवाले शक्तीला थोर मानणारे, तुरेवाले शिवाला. वाद मूळचा वेदान्ताचा. पण तो पोथ्या उघडून नव्हे, डफ-तुणतुणं घेऊन रात्रभर चालायचा. एका फडानं कूट सवाल कवनातून टाकायचा आणि दुसऱ्यानं त्याचं उत्तर कवनातूनच द्यायचं. उत्तर बरोबर पण यमक लंगडं, तर हशा. यमक फक्कड पण उत्तर चूक, तरी हशाच. मधल्या मध्ये निसटायला जागा नाही.

आता हे लोक आयत्या वेळी यमक जुळवत कसे? यातलं गुपित असं, की ओळ पुढून सुरू करायचीच नाही. आधी शेवटचा शब्द पकडायचा आणि मग त्याच्यापर्यंत पोचेल अशी ओळ मागून बांधत आणायची. म्हणजे खाली बेरीज आधी लिहून ठेवायची आणि वरच्या रकमा नंतर भरायच्या. बँकेत याला अफरातफर म्हणतात, फडावर प्रतिभा. आपल्या उखाण्यातही हेच. तिथे तर महत्त्वाचा शब्द लग्नपत्रिकेतच छापलेला असतो. उरलेल्या ओळीत चांदीचं ताट घाला नाही तर महादेवाची पिंड घाला, नाव तेच यायचं.

पण शेवटचा शब्द सापडायलाही क्षणभर वेळ लागतोच. तो वेळ कोण देतं? इथे झीलकरी येतात. शाहिराच्या मागे तुणतुणं आणि झांज घेऊन उभे असतात ते. शाहिराची ओळ संपली, की ते तिचं शेपूट उचलतात आणि 'जी जी' करत लांबवत नेतात. ऐकणाऱ्याला वाटतं, रंग भरतोय. रंग भरतोच, पण तेवढ्यात पुढे उभा असलेला शाहीर पुढची ओळ जुळवून मोकळा झालेला असतो. थोडक्यात, झीलकरी म्हणजे बिनव्याजी मुदत देणारी माणसं. आमच्या धंद्यात अशी माणसं अजून जन्मली नाहीत.

तासगाव तालुक्यातल्या सावळजच्या उमा बाबाजींनी १८६५ साली 'मोहना बटाव' रचला. तो तमाशातला पहिला वग मानतात. पठ्ठे बापूराव, म्हणजे मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. कुलकर्णी म्हणजे पूर्वीचा गावचा हिशोबनीस. त्या घरातला हा मुलगा ढोलकीच्या मागे गेला. त्यांनी दोन लाख लावण्या रचल्या, असं म्हणतात. मी कारकुनी सवयीनं भागाकार करून पाहिला : पन्नास वर्षं धरली तरी रोजच्या अकरा पडतात, रविवार न सोडता. आकड्यावर मी टिकमार्क करणार नाही. पण लोकांना तो खरा वाटावा, यातच सगळं आलं. आणि कवलापूरचे काळू-बाळू तर जुळे भाऊ. एकाच्या तोंडून वाक्य सुटायचा अवकाश, दुसऱ्याचं तयार.

मग या खेळात सरकार उतरलं. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई राज्यात बाळासाहेब खेरांच्या सरकारनं तमाशावर बंदी घातली. कलावंतांची पोटं त्यावर होती, त्यांनी दाद मागितली. महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, बंदी उठली. पण अट राहिली, की वग आधी लिहून तपासून घ्यायचा. पुढे १९५४ साली रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळच आलं.

आता मी अर्ज-फॉर्मांत आयुष्य काढलेला माणूस. तरीही मला प्रश्न पडतो : जो सवाल अजून कुणी विचारलाच नाही, त्याचा जवाब तीन प्रतींत सादर कसा करायचा? सोंगाड्या समोरच्या पाटलाकडे बघून काय बोलणार, हे पाटील येऊन बसेपर्यंत सोंगाड्यालाही ठाऊक नसतं. फडातली बरीच मंडळी दलित समाजातली. त्यांतल्या कित्येकांना अक्षरओळख नव्हती, म्हणून सगळा कारभार जिभेवर. त्यांना सांगितलं, कागद आणा. कागद आले. कागदावरचं टिकलं, छापलं गेलं, त्याची नावं राहिली. जिभेवरचं त्या त्या रात्रीबरोबर गेलं. मागे उभे राहून जी जी करणाऱ्यांची नावं तर कुठल्याच वहीत चढली नाहीत. हिशोबाच्या भाषेत याला नोंद न झालेली देणी म्हणतात. वही जुळते, पण देणं फिटलेलं नसतं.

म्हणून टाळ्यांच्या गोलात उभ्या असलेल्या पोरांना माझं एवढंच सांगणं आहे. अडखळला त्याला बाद करू नका, बाबांनो. त्याच्या अर्धवट ओळीचं शेपूट उचला आणि दोन वेळा जी जी म्हणा. तेवढ्यात त्याला यमक सापडतं. दीडशे वर्षांपूर्वी सापडायचं, आताही सापडेल. आणि त्यासाठी फी लागत नाही.