अनुशेष मोजला कसा, आणि मोजणं थांबलं कसं

हिवाळी अधिवेशन नागपूरला भरलं की 'अनुशेष' हा शब्द दोन आठवडे पेपरात दिसतो, नंतर वर्षभर गायब. आपल्या वऱ्हाडात तर तो वापरून वापरून इतका गुळगुळीत झालाय की नव्या पोरांना ती पुढाऱ्यांच्या भाषणातली एक ठरलेली ओळ वाटते. पण हा शब्द मुळात हिशेबाचा आहे. रुपयांत, किलोमीटरात, हेक्टरात मोजलेला. आपण कुठल्या जिल्ह्यात किती कमी काम केलं, हे सरकारनंच समिती नेमून कागदावर आणलं होतं. सरकारं असं सहसा करत नाहीत. ते का केलं आणि पुढं त्याचं काय झालं, हे माहीत असलेलं बरं.

सुरुवात २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारापासून करावी लागते. विदर्भ आणि मराठवाडा मराठी राज्यात यायचे, तर अटी काय, हे या करारात लिहिलं होतं. वर्षातलं एक अधिवेशन नागपुरात, ही अट सगळ्यांना पाठ आहे. दुसरी अट मात्र कुणी आठवत नाही. पैशाचं वाटप लोकसंख्येच्या प्रमाणात होईल, मराठवाडा मागं असल्यामुळं तिकडं विशेष लक्ष दिलं जाईल आणि याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढं ठेवला जाईल, अशी ती अट. म्हणजे दर वर्षी हिशेब द्यायचा, हे राज्य जन्मायच्या आधीच कबूल झालेलं होतं.

१९५६ मध्ये सातव्या घटनादुरुस्तीनं हीच गोष्ट कलम ३७१(२) मध्ये आली. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी वेगळी विकास मंडळं, त्यांची विशेष जबाबदारी राज्यपालांवर, आणि मंडळांच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेत. तेव्हा द्विभाषिक मुंबई राज्य होतं, त्यामुळं सौराष्ट्र आणि कच्छचाही उल्लेख त्याच कलमात आहे. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, कलम तसंच राहिलं, मंडळं मात्र झाली नाहीत. अधिवेशन नागपूरला भरत राहिलं, संत्रा-बर्फी वाटली जात राहिली, आणि हिशेब कुणी मागितला की 'पाहू' असं उत्तर.

असं जवळपास २३ वर्षं चाललं. विदर्भ-मराठवाड्यातले लोक म्हणायचे अन्याय झाला, मुंबईतले म्हणायचे झाला नाही. दोघांकडंही मोजलेला आकडा नव्हता.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं सत्यशोधन समिती नेमली आणि अध्यक्ष केलं वि. म. दांडेकरांना. दांडेकर म्हणजे पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे अर्थशास्त्रज्ञ. नीलकंठ रथ यांच्याबरोबर १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याची मोजणी करून त्यांनी देशभर वाद उभा केला होता. आकडा बाहेर आल्यावर कोण नाराज होईल याचा विचार करणाऱ्यांपैकी ते नव्हते.

त्यांची पद्धत समजायला सोपी होती, म्हणूनच ती टिकली. रस्ते, सिंचन, गावांचं विद्युतीकरण, सामान्य शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, जमीन सुधारणा आणि पशुवैद्यकीय सेवा ही ९ क्षेत्रं घेतली. प्रत्येक क्षेत्रात राज्याची सरासरी काढली. जो जिल्हा सरासरीच्या खाली, तो जितका खाली तितका त्याचा अनुशेष. ती तूट भरून काढायला लागणारा खर्च म्हणजे रुपयांतला अनुशेष. सरासरीच्या वर असलेल्या जिल्ह्यांचं काही काढून घ्यायचं नाही, त्यांना खाली ओढायचं नाही.

एप्रिल १९८४ मध्ये अहवाल आला. राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये. त्यात विदर्भाचा १,२४६.५५ कोटी, मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी आणि उर्वरित महाराष्ट्राचा १,१८९.३८ कोटी.

शेवटच्या आकड्यावर आपल्याकडं बोंब झाली. पुण्या-कोल्हापूरकडं कसला अनुशेष, असं लोक विचारू लागले. पण मोजणी जिल्हावार होती आणि 'उर्वरित' मध्ये कोकण आहे, धुळ्यासारखे जिल्हे आहेत. विभागवार बेरीज केली असती तर पुढारलेल्या जिल्ह्यांच्या आकड्यांखाली रत्नागिरी झाकली गेली असती. मला विचाराल तर दांडेकरांचं इथं बरोबर होतं. मागासपणा जिल्ह्यात असतो आणि त्याच्याही खाली तालुक्यात असतो. विभाग ही राजकारणाची सोय आहे. पण त्याच पद्धतीनं विदर्भाच्या राजकीय दाव्याची धार कमी झाली, हेही खरं.

सरकारनं अहवाल औपचारिकपणे स्वीकारला नाही, पण तो नाकारताही येईना. १९८५ पासून बजेटमध्ये अनुशेषासाठी वेगळी तरतूद व्हायला लागली. २६ जुलै १९८४ ला विधिमंडळानं मंडळं स्थापन करा असा एकमतानं ठराव केला. एकमताचा ठराव अमलात यायला दहा वर्षं लागली! राष्ट्रपतींचा आदेश मार्च १९९४ मध्ये निघाला आणि राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांच्या काळात १ मे १९९४ पासून वैधानिक विकास मंडळं सुरू झाली. घटनेत कलम आल्यावर ३८ वर्षांनी.

मग दुसरी मोजणी झाली. राज्यपालांनी निर्देशांक व अनुशेष समिती नेमली, तिचा पहिला अहवाल १९९७ मध्ये आणि अंतिम २००० मध्ये आला. १ एप्रिल १९९४ रोजीचा अनुशेष निघाला १४,००६.७७ कोटी. विदर्भ ६,६२४.०२ कोटी, मराठवाडा ४,००४.५५ कोटी, उर्वरित महाराष्ट्र ३,३७८.२० कोटी.

आता ३ हजारांचे १४ हजार झाले असं म्हणून छाती पिटायला सोपं आहे, आणि बरेच जण पिटतात. दहा वर्षांत किमती वाढल्या होत्या, त्यामुळं हे दोन आकडे थेट शेजारी ठेवता येत नाहीत. पण हिस्सा ठेवता येतो. १९८४ मध्ये एकूण अनुशेषात विदर्भ आणि मराठवाडा मिळून सुमारे ६३ टक्के होते. १९९४ च्या मोजणीत ते सुमारे ७६ टक्के झाले. अनुशेष भरायचा कार्यक्रम दहा वर्षं चालला आणि त्या काळात 'उर्वरित' चा वाटा कमी झाला, आपला वाढला. किमतीची सबब इथं चालत नाही.

का झालं असं? एक कारण मोजपट्टीतच होतं. १९८४ चा आकडा एका जागी थांबलेला आणि राज्याची सरासरी पुढं चालणारी. तुम्ही जुनी तूट भरत बसता, तोवर पुढारलेले जिल्हे आणखी पुढं जातात आणि सरासरी वर सरकते. दुसरं, तरतूद आणि खर्च यांत फरक असतो. बजेटमध्ये आकडा टाकला तरी भूसंपादन अडलेलं, वनखात्याची परवानगी नाही, इंजिनिअरची पदं रिकामी, मग पैसा परत जातो किंवा दुसरीकडं वळतो.

पुढं १९९६ मध्ये तिसरं कारण तयार झालं. कृष्णेच्या पाण्यातला बच्छावत लवादानं दिलेला वाटा मे २००० च्या आत वापरायचा, या घाईत कृष्णा खोरे विकास महामंडळ उभं राहिलं आणि बाजारातून रोखे काढून पैसा उभा केला. हा पैसा अनुशेषाच्या सूत्राबाहेरचा. खरं सांगायचं तर आटपाडी, जत, सांगोल्याच्या दुष्काळी शेतकऱ्यालाही पाणी हवंच होतं, त्याच्याशी आपलं भांडण नाही. पण सूत्राला वळसा घालायची वाट तिथं सापडली. डिसेंबर २००१ मध्ये राज्यपालांनी निधीवाटपाचे निर्देश काढले, ते या पार्श्वभूमीवर.

आता आपल्या जिल्ह्यांची गोष्ट, कारण खरी मेख इथं आहे. १९९४ च्या अनुशेषात निम्म्याहून जास्त रक्कम एकट्या सिंचनाची होती. राज्यपालांच्या निर्देशांनुसार पैसा येत गेला आणि एका टप्प्यावर 'आर्थिक अनुशेष' संपल्याचं सांगितलं गेलं. म्हणजे जेवढे कोटी द्यायचे ठरले होते तेवढे दिले. पण 'भौतिक अनुशेष', म्हणजे प्रत्यक्ष हेक्टर, अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलडाणा या चार जिल्ह्यांत शिल्लकच राहिला. पैसे दिले, पाणी आलं नाही, आणि कागदावर दोन्ही खरं!

यातले तीन जिल्हे खारपाणपट्ट्यातले. पूर्णेच्या खोऱ्यात विहीर खणली तर पाणी खारं लागतं. दुसरीकडचा शेतकरी कालवा आला नाही तर विहिरीवर, बोअरवर भागवतो, इथं ती सोय नाही. त्यामुळं इथल्या एका हेक्टरच्या तुटीचं वजन दुसरीकडच्या हेक्टरपेक्षा जास्त आहे, पण सरासरीच्या तक्त्यात ते दिसत नाही. जिगावचं काम नव्वदच्या दशकापासून चालू आहे. तिकडं पूर्व विदर्भात गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ मध्ये झाली, मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता, सुधारित खर्च १८ हजार कोटींच्या पुढं गेला. नुसता खर्च बघितला तर गोसीखुर्द हे सरकारच्या कामगिरीचं जोरदार उदाहरण ठरेल.

खर्च मोजायचा की हेक्टर, हा वाद २०१२ मध्ये सगळ्या राज्यापुढं आला. सरकारच्याच आर्थिक पाहणीत सिंचित क्षेत्राचं प्रमाण २००१-०२ मध्ये १७.८ टक्के आणि २००९-१० मध्ये १७.९ टक्के दिसलं. हजारो कोटी खर्चून ०.१ टक्का वाढ! त्यावरून अजित पवारांनी सप्टेंबरमध्ये उपमुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला, नोव्हेंबरात श्वेतपत्रिका आली, तिच्यात वाढ पाच टक्क्यांच्या वर असल्याचा दावा झाला, डिसेंबरात ते पुन्हा मंत्रिमंडळात आले. हे सगळं लोकांना आठवतं. त्यानंतर काय झालं ते फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढची अनेक वर्षं आर्थिक पाहणीत पिकाखालच्या क्षेत्रापैकी सिंचित किती, या रकान्यात 'उपलब्ध नाही' असं छापून येत राहिलं. दोन खात्यांचे आकडे जुळत नव्हते तर ते जुळवायचे होते. आकडाच छापायचा बंद झाला. माझ्या मते घोटाळ्याच्या आरोपापेक्षा ही गोष्ट जास्त गंभीर आहे, कारण त्यानंतर कोणाचंच सरकार असो, विचारायला हातात काही उरलं नाही.

मधल्या काळात विजय केळकर समिती नेमली गेली. २०११ मध्ये नेमणूक, २०१३ मध्ये अहवाल, डिसेंबर २०१४ मध्ये विधिमंडळात. या समितीनं जिल्ह्याऐवजी तालुक्याकडं पाहायला सांगितलं, जुन्या अनुशेषाच्या भाषेपलीकडं जायचा प्रयत्न केला. विदर्भ-मराठवाड्यातल्या आमदारांना वाटलं की आमचा हिशेब पूर्ण व्हायच्या आधीच वही बदलताय, आणि त्यांनी अहवालावर टीका केली. तालुका हे माप मला पटतं, पण आमदारांचा संशयही समजतो.

३० एप्रिल २०२० ला विकास मंडळांची मुदत संपली. कोरोनाचे दिवस होते, मुदतवाढ मिळाली नाही, फारसा आवाजही झाला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मंडळं पुन्हा स्थापायचा निर्णय घेतला. मंडळं नसतात तेव्हा त्यांचा वार्षिक अहवालही नसतो, म्हणजे १९५३ मध्ये कबूल केलेला आणि १९५६ मध्ये घटनेत लिहिलेला हिशेब विधानसभेपुढं यायची ती वाट बंद.

कुणी म्हणेल, आता दिल्लीहून नीती आयोग मोजतो की. २०१८ पासून आकांक्षित जिल्ह्यांत वाशीम, गडचिरोली, नंदुरबार आणि धाराशिव आहेत, त्यांची क्रमवारी लागते. लागू द्या, चांगलंच आहे. पण त्या क्रमवारीत वाशीम वर चढला म्हणून वाशीमला राज्याकडून किती हेक्टर येणं बाकी आहे ते कळत नाही. आणि नंबर घसरला तर कलेक्टरला विचारणा होते, पाटबंधारे मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागत नाही. दांडेकरांचा आकडा बजेटला बांधलेला होता, म्हणून तो सरकारला टोचायचा.

१९९४ नंतर राज्यानं अशी जिल्हावार, क्षेत्रवार, रुपयांत आणि हेक्टरात पूर्ण मोजणी पुन्हा केलेली नाही. तेव्हा जन्मलेली पोरं आज तिशी ओलांडून गेली आहेत. आर्थिक पाहणी सहसा मार्चमध्ये निघते, सरकारच्या वेबसाइटवर मराठीतही असते. पुढची आली की सिंचनाचं पान उघडा, तो रकाना बघा आणि आपल्या आमदाराला फोन लावून विचारा की आपल्या जिल्ह्याचा आकडा काय आहे.