हैदराबादचे पामर घराणे

जुन्या गोऱ्या घराण्यांच्या वंशावळीत बापाचे नाव सहसा मिळते. एतद्देशीय आईच्या जागी बहुधा रेघ असते. पामर घराणे याला अपवाद होय. नाना फडणीस १८०० साली वारले तेव्हा पुणे दरबारी इंग्रजांचा वकील असलेला विल्यम पामर, हा या घराण्याचा मूळपुरुष. पहिली पत्नी सारा हिचा मुलगा जॉन कलकत्त्यास मोठा व्यापारी झाला. लखनौस फैज बख्श बेगमेच्या पोटी १७८० मध्ये जन्मलेल्या विल्यमला मात्र कंपनीची चाकरी बंद होती. हिंदी आईच्या मुलांना ती देऊ नये, असा ठराव १७९१ मध्ये झाला होता. म्हणून तो निजामाच्या फौजेत शिरला. पुढे हैदराबादेत त्याने पेढी काढली, चंदुलालाच्या कारभारात निजामास अफाट कर्ज दिले, आणि १८२४ मध्ये त्याचे दिवाळे वाजले. तरी त्याने शहर सोडले नाही. १८६७ मध्ये तो तेथेच वारला. बापलेकांचे नाव एकच, त्यामुळे कागदपत्रे चाळणारा हमखास फसतो. आईच्या बाबतीत तसा घोटाळा होत नाही. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत या कुटुंबाचे लखनौचे चित्र आहे. चित्रकार झोफनी की रेनाल्डी, हा वाद तज्ज्ञांचा. चित्रात बेगम मुलांसह बसली आहे.