चिखल आणि पायताण

पावसाळ्यांत पायाच्या बोटांच्या बेचक्या कुजतात, त्या विकाराला मराठींत 'चिखल्या' म्हणतात. रोगाला चिखलाचें नांव सहज मिळालें; पण चिखलांत घालावयाच्या जोड्यासाठीं मात्र 'गमबूट' हा परका शब्द घ्यावा लागला. शेतीवर जगणाऱ्या समाजांत असें कां व्हावें, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

आंबेगांव तालुक्यांतील कळंब हें पुणें-नाशिक रस्त्यावरचें, घोड नदीकांठचें गांव. तेथून पश्चिमेस भीमाशंकराच्या डोंगरांकडे गेलें कीं भाताचीं खाचरें लागतात. पूर्वेकडे कांदा, बटाटा, ऊस आणि भाजीपाला. खाचरांत चिखलणी व आवणी, मळ्यांत दारें धरणें, दोन्हीं कामें घोटाभर चिखलांतलीं. घोडेवर डिंभें धरण होऊन कालवे वाहूं लागले, तेव्हांपासून तर हा चिखल केवळ पावसाळ्यापुरता राहिला नाहीं.

जुन्या गांवगाड्यांत पायताण पुरविण्याचें काम चांभाराचें होतें. त्र्यंबक नारायण आत्रे यांनीं 'गांवगाडा' या 1915 सालच्या ग्रंथांत बलुतेदारीचें जें बारकाईनें वर्णन केलें आहे, तें या दृष्टीनें वाचण्यासारखें आहे. चांभारानें मोट सांधावी, आसूड वळावा, वहाणा शिवाव्या, आणि सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपानें बलुतें घ्यावें, अशी ही रीत. वहाण ज्याची त्याच्या पायाची असे. रुंद पंजा, वांकडा अंगठा, टाचेची भेग, सारें चांभाराला ठाऊक. ज्यानें गांवाचे पाय असे ओळखले त्याला गांवानें उंबऱ्याबाहेर उभें केलें, हेंही त्याच इतिहासांत नमूद झालें पाहिजे.

ही वहाण कांटे, खडे आणि तापलेली वाट यांसाठीं उत्तम होती. चिखलांत मात्र कातडें भिजून सैल होई, तळ रुतून बसे, पाय उचलतांच अंगठा तुटे. म्हणून शेतकरी वहाणा बांधावर काढून अनवाणी खाचरांत उतरे. यांत अडाणीपणा नव्हता. उघड्या पायाचीं बोटें चिखलांत रुतून तोल संभाळतात, तें काम त्या वहाणेला साधत नव्हतें. पावसापासून पाठ वांचवावयास इरलें होतें, थंडीसाठीं घोंगडी होती. पाय तेवढे उघडे राहिले.

इतर देशांनीं हा प्रश्न निराळ्या रीतीनें सोडविला. जपानांत दोन हजार वर्षांपूर्वींच्या तोरो येथील वस्तींत भातशेतींत रुतूं नये म्हणून पायाला बांधावयाच्या लांकडी फळ्या सांपडल्या आहेत. अमेरिकेंत चार्लस गुडइयर यांना 1844 सालीं गंधकानें रबर पक्कें करण्याचा हक्क मिळाला, आणि 1853 सालीं हिरम हचिन्सन यांनीं फ्रान्समध्यें रबरी जोड्यांचा कारखाना काढला. लांकडी खडावा घालून शेतांत जाणाऱ्या तेथील कुणब्याचा पाय त्यामुळें कोरडा राहूं लागला. जपानांत शोजिरो इशिबाशी यांनीं 1923 सालीं कापडी मोज्याला रबरी तळ चिकटवून मजुरांसाठीं पायताण बाजारांत आणलें. त्यांत अंगठा वेगळा राहतो आणि घोट्याशीं आंकडे लावतां येतात, त्यामुळें तें पायाला घट्ट बसतें. अनवाण्या पायाची पकड त्यांत राहिली, आणि पायाला संरक्षणही मिळालें.

हें संरक्षण किती मोलाचें आहे, तें वैद्यकानें दाखविलें आहे. आंकडीकृमीच्या अळ्या त्वचेंतून शरीरांत शिरतात, हें लूस यांना कैरो येथें स्वतःच्या हातावर पाणी सांडल्यानें कळलें. उंदरांच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून लेप्टोस्पायरा पायाच्या जखमेवाटे आंत जातो. 2005 सालच्या जुलैंतील महापुरानंतर मुंबईनें त्याचा कटु अनुभव घेतला. सर्पदंशही बहुधा पायालाच होतो.

तथापि नुसता गमबूट विकत घेऊन भागत नाहीं. कारखान्याचा जोडा पाय ओळखत नाहीं, आंकडा ओळखतो. सैल बुटाची टाच चिखलांत मागें राहते, आंखूड बूट नखें काळीं करतो, आणि बाईच्या पायांत पुरुषी मापाचा बूट घातला तर ती तो दुपारच्या आंतच बांधावर काढून ठेवील. माप संध्याकाळीं, पाय सुजले असतां घ्यावें; दोन्ही पायांचें घ्यावें, कारण ते क्वचितच सारखे असतात; मोजे घालून पाहावें; बोटांपुढें अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी आणि चालतांना टाच उचलूं नये. काम संपल्यावर बूट उपडा करून वाळवावा, नाहींतर चिखल्या आंतच होतील.

पुण्यामुंबईंत राहणाऱ्या आपणांपैकीं अनेकांची गांवाकडे शेती आहे. बियाणें, खतें, औषधें यांचा हिशेब आपण दर हंगामास पाहतों. त्याच वहींत आवणीला येणाऱ्या बायांच्या आणि दारें धरणाऱ्या गड्यांच्या पायांचीं मापें लिहून घ्यावीं, आणि आषाढ लागण्यापूर्वीं त्या मापांचे जोडे बांधावर पोंचवावे, एवढें आपल्या हातीं आहे.