दातेरी साखळीची कुळकथा

चेन सॉ म्हणजे पोलादी पट्टीभोवती दातेरी साखळी वेगाने फिरवून लाकूड कापणारे यंत्र. आवाज, धूर आणि थरथर यांमुळे इंजिन हाच तिचा जीव आहे असे वाटते. इतिहास मात्र वेगळे सांगतो. साखळी आधी आली, इंजिन शंभराहून अधिक वर्षांनी. आणि ही पहिली साखळी लाकडासाठी घडवलेलीच नव्हती. ती हाड कापण्यासाठी होती.

अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमध्ये एडिंबराचे जॉन ऐटकिन आणि ग्लासगोचे जेम्स जेफ्रे या दोन शल्यविशारदांनी अशी साखळी वापरात आणली. बाळंतीण अडली की ओटीपोटाच्या हाडांचा पुढचा सांधा कापून बाळाची वाट रुंद करण्याची शस्त्रक्रिया त्या काळी केली जाई. पोट उघडून बाळ काढणे म्हणजे आईचा मृत्यू जवळजवळ ठरलेला, म्हणून हा मार्ग. पण अरुंद जागेत ताठ करवत चालवताना भोवतीच्या मऊ भागांना इजा होई. ऐटकिन यांनी १७८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रसूतिविषयक ग्रंथात लवचिक करवतीचे चित्र दिले. बारीक कड्यांची साखळी, तिच्या एका कडेला दात आणि दोन्ही टोकांना मुठी, अशी तिची रचना होती. ती हाडामागून ओवून घ्यायची आणि दोन्ही हातांनी आळीपाळीने ओढायची. जेफ्रे यांनी ही कल्पना आपल्याला स्वतंत्रपणे सुचल्याचे म्हटले आहे. त्यांचे लक्ष मुख्यतः सडलेले सांधे काढून टाकण्याकडे होते. भूल देण्याची सोय नसलेल्या त्या काळात कापण्याचा वेळ कमी करणारे कोणतेही हत्यार रुग्णावर उपकारच करत होते.

चेन सॉचा शोध बाळंतपणासाठी लागला, असे आज वारंवार सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. ऐटकिन यांची साखळी हातात मावणारी होती आणि ती गोल फिरत नसे, मागे-पुढे ओढली जाई. पट्टीभोवती अखंड फिरणारी साखळी प्रथम दिसते ती जर्मनीत. वुर्झबुर्गचे बर्नहार्ड हाइने यांनी १८३० च्या सुमारास हाड कापण्याचे एक यंत्र तयार केले. त्यात साखळी एका पातळ पट्टीच्या कडेने फिरे आणि मूठ गरगर फिरवली की दातेरी चाक तिला ओढून नेई. आजच्या चेन सॉचा सांगाडा येथे जवळजवळ पूर्ण उभा आहे. फक्त माणसाच्या मनगटाऐवजी मोटर यायची बाकी आहे. शस्त्रक्रियागृहात मात्र या घराण्याचे भवितव्य फारसे उरले नाही. १८९४ मध्ये इटलीच्या लिओनार्दो जिगली यांची तारेची करवत आली आणि स्वस्त, सोप्या तारेने साखळीची जागा घेतली.

लाकूडतोडीत साखळी शिरली ती स्वतंत्र वाटेने. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रेडवूडचे बुंधे इतके प्रचंड असत की दोघांनी दोन टोकांनी ओढायच्या लांब करवतीने एक झाड पाडायला दिवस लागत. सॅन फ्रान्सिस्कोच्या सॅम्युएल बेन्स यांनी १९०५ मध्ये अखंड साखळीच्या करवतीचे पेटंट घेतले, ते याच झाडांसाठी. व्यवहारात टिकणारी यंत्रे मात्र जर्मनीत घडली. आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी चेन सॉ बनवली. तिचे वजन ६४ किलो होते आणि ती धरायला दोन माणसे लागत. जंगलात वीज कुठली? पुढच्याच वर्षी एमिल लेर्प यांनी पेट्रोलवर चालणारे यंत्र थुरिंगियातील डोलमार नावाच्या डोंगरावर चालवून पाहिले आणि आपल्या कंपनीला त्या डोंगराचेच नाव दिले. श्टील यांचे पेट्रोल यंत्र १९२९ मध्ये आले. त्याचे वजन ४६ किलो होते.

या आकड्यांतच पुढच्या वीस वर्षांची अडचण दिसते. इंजिनाने कापण्याचे श्रम कमी केले, पण वाहण्याचे वाढवले. शिवाय जुन्या कार्बोरेटरमध्ये इंधनाची पातळी तरंगणाऱ्या गोळ्यावर राखली जाई, त्यामुळे यंत्र तिरके झाले की इंजिन बंद पडे. झाड पाडताना करवत आडवी लागते आणि पडलेला ओंडका तोडताना उभी, म्हणून इंजिन सरळ ठेवून केवळ पट्टी फिरवण्याची सोय करावी लागे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन यंत्रांची आयात थांबल्यावर अमेरिका आणि कॅनडात स्थानिक कारखान्यांनी हे काम हाती घेतले. हलक्या धातूंच्या ओतकामाने वजन उतरले आणि १९५० च्या सुमारास पडद्याचा कार्बोरेटर रुळल्यावर यंत्र कोणत्याही कोनात चालू लागले. एकट्या माणसाने चालवायची श्टीलची पेट्रोल चेन सॉ १९५० मधली, वजन १६ किलो. १९५९ च्या ‘कॉन्ट्रा’मध्ये गिअर काढून टाकले गेले आणि वजन १२ किलोवर आले.

तरीही या सगळ्यापेक्षा मोठा बदल एका दातात झाला. सुरुवातीच्या साखळ्यांचे दात जुन्या हातकरवतीवरून घेतलेले होते. काही दात लाकडाच्या धाग्यांवर रेघ ओढत, काही मधला भाग खरवडून काढत. असे दात लवकर बोथट होत, आणि त्यांना कानस लावणे हे वेळखाऊ, कसबाचे काम असे. अमेरिकेतील ओरेगन राज्यात लाकूडतोडीचे काम करणारे जोसेफ कॉक्स १९४६ च्या शरद ऋतूत सरपण फोडत होते. एका बुंध्यात बोटाएवढी अळी, लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची, धाग्यांच्या दिशेने आणि धाग्यांना आडवी अशी दोन्हीकडे सहज वाट काढताना त्यांना दिसली. तिचे जबडे डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे आळीपाळीने चालत होते. कॉक्स यांनी तोच नमुना पोलादात उतरवला. इंग्रजी सी अक्षरासारखे वळलेले दात, एक डावा, एक उजवा, आणि प्रत्येक दातापुढे तो किती खोल घुसेल हे ठरवणारा छोटा उंचवटा. १९४७ मध्ये पोर्टलंडला त्यांनी या साखळीचे उत्पादन सुरू केले. ती भुश्याऐवजी ढलप्या काढी आणि साध्या गोल कानशीने धार लावता येई. आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक साखळ्या याच दाताच्या वंशातल्या आहेत. पेट्रोल इंजिन नसते तर चेन सॉ विजेवर चालली असती. हा दात नसता तर ती शेतकऱ्याच्या घरापर्यंत क्वचितच पोचली असती.

यंत्र हलके होऊन रोजच्या वापरात आल्यावर त्याची इजा दिसू लागली. दिवसभराच्या थरथरीने रक्तवाहिन्या आखडत, थंडीत बोटे पांढरी पडून बधिर होत. त्यावर उपाय म्हणून मुठी आणि इंजिन यांच्यामध्ये रबर घालण्याची पद्धत १९६० च्या दशकात सुरू झाली. दुसरा धोका उसळीचा. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की दात अडकतात आणि संपूर्ण यंत्र क्षणात वर, चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला श्टील आणि स्वीडनची हुस्कवर्ना यांनी साखळीचा ब्रेक आणला. पुढच्या मुठीसमोरची ढाल मनगटाने किंवा उसळीच्या झटक्याने पुढे ढकलली जाते आणि साखळी तत्काळ थांबते. जीव वाचवणारा एवढा सोपा भाग या यंत्रात दुसरा नाही.

घरच्या सरपणासाठी चेन सॉ निवडताना हा क्रम उपयोगी पडतो. इंजिनाची ताकद पाहण्याआधी ब्रेक, वजन आणि साखळी पाहावी. मनगटाएवढ्या ते मांडीएवढ्या लाकडाला १४ ते १६ इंची पट्टी आणि ४० सीसीच्या आसपासचे इंजिन पुरते. पट्टी नेहमीच्या ओंडक्यापेक्षा थोडी लांब असावी, फार नको. लांब पट्टी जड पडते आणि तिचे टोक नको तिथे टेकते. ऐनासारख्या कठीण किंवा माती लागलेल्या लाकडाला टोकदार कोपऱ्याच्या दातांपेक्षा गोलसर कोपऱ्याचे दात जास्त काळ टिकतात. २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीत आडवी झालेली झाडे रस्त्यावरून हटवायला हीच यंत्रे लागली. अशा ठिकाणी वीज नसते, म्हणून पेट्रोलला पर्याय नाही. अंगणात थोडे जळण तोडायचे असेल तर विजेची किंवा बॅटरीची करवत पुरेशी, आणि तिला इंधनात तेल मिसळण्याची कटकटही नाही. साखळीला तेल मात्र दोन्हींत घालावे लागते.

पिठासारखा बारीक भुसा पडू लागला तर दात बोथट झाले असे समजावे. प्रत्येक दाताला सारख्याच वेळा कानस फिरवावी, नाहीतर काप एका बाजूला वळतो. दातापुढचा उंचवटाही अधूनमधून घासावा लागतो. पुष्कळ साखळ्यांच्या दातांवर एक रेघ कोरलेली असते. धार लावता लावता दात त्या रेघेपर्यंत आखूड झाला की साखळी बदलावी.