मराठी वाक्याचा कर्ता कोण?

शब्द हें भाषेचें भांडवल खरें. परंतु भांडवल पेटींत पडून राहिलें तर त्यापासून व्यापार होत नाहीं. कोशांतील सर्व शब्द ज्यास मुखोद्गत आहेत, त्यासही त्यांच्या जुळणीचे नियम ठाऊक नसतील तर साधा निरोप सांगतां यावयाचा नाहीं. 'माळी', 'झाड', 'पाणी', 'घाल' हे चार शब्द एकामागून एक उच्चारले म्हणजे ऐकणारा पुढें कांहीं येईल म्हणून वाट पाहतो. 'माळी झाडांना पाणी घालतो' असें म्हटलें कीं त्याचें समाधान होतें. शब्द तेच, भर पडली ती एकदोन प्रत्ययांची. इतक्या लहान साधनांनीं एवढें मोठें काम कसें होतें, याचा शोध म्हणजेच वाक्यविचार. मराठीच्या वाक्यविचाराचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास चाळला असतां तो एका प्रश्नाशीं पुनःपुन्हा अडखळलेला दिसतो. तो प्रश्न असा कीं, मराठी वाक्याचा कर्ता कोणास म्हणावें?

वाक्याची चर्चा आपल्याकडे फार जुनी आहे. मीमांसकांस वेदवचनांचा अर्थ लावावयाचा असल्यामुळें, एक वाक्य कोठें संपतें आणि दुसरें कोठें सुरू होतें, हा त्यांच्या दृष्टीनें नुसत्या पांडित्याचा प्रश्न नव्हता; यज्ञांतील कृति त्यावर अवलंबून असे. जैमिनीनें यासाठीं दिलेली कसोटी अशी कीं, जीं पदें मिळून एकच प्रयोजन साधतात आणि वेगळीं केलीं असतां एकमेकांची अपेक्षा करितात, तीं मिळून एक वाक्य समजावें. याच अपेक्षेस पुढें आकांक्षा हें नांव रूढ झालें आणि तिच्या जोडीस योग्यता व सन्निधि हीं आणखी दोन अंगें आलीं. 'गाय, घोडा, माणूस, हत्ती' एवढें म्हटल्यानें वाक्य होत नाहीं, कारण या पदांना एकमेकांची गरज नाहीं. 'तो विस्तवानें झाडें शिंपतो' यांत आकांक्षा पुरी होते, पण अर्थाची योग्यता नाहीं. 'गाय' हें पद सकाळीं आणि 'आण' हें संध्याकाळीं उच्चारलें तर सन्निधि नाहीं. कुमारिलभट्टाच्या मतें पदें आधीं आपापला अर्थ सांगतात आणि मग त्या अर्थांचा संबंध जुळतो. प्रभाकराच्या मतें संबंधावांचून सुटा अर्थ पद कधीं सांगतच नाहीं. भर्तृहरीनें तर वाक्यपदीयांत याच्याही पलीकडे जाऊन वाक्य हेंच अखंड मानलें, आणि पदें हीं वैयाकरणांनीं शिकविण्याच्या सोयीसाठीं त्यांतून वेगळीं काढलीं असें प्रतिपादिलें.

पाणिनीनें वाक्याचें असें स्वतंत्र प्रकरण लिहिलें नाहीं. परंतु त्याच्या कारकविचारांत वाक्याची सगळी बांधणी येऊन गेली आहे. मध्यें क्रिया, आणि तिच्याभोंवतीं कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान व अधिकरण अशीं सहा कारकें. यांतील मर्म हें कीं, कारक ही अर्थाची गोष्ट आहे आणि विभक्ति ही रूपाची. 'रामः फलं खादति' व 'रामेण फलं खाद्यते' या दोन्ही वाक्यांत राम हाच कर्ता. पहिल्यांत क्रियापद कर्त्याकडे बोट दाखवितें म्हणून त्याची प्रथमा झाली. दुसऱ्यांत तें कर्माकडे वळलें म्हणून कर्ता तृतीयेंत गेला. कर्तेपण मात्र त्याचें गेलें नाहीं. क्रियापदाच्या या वळण्यासच आपण प्रयोग म्हणतों.

मराठीचीं व्याकरणें लिहिलीं जाऊं लागलीं तेव्हां याखेरीज दुसरी एक परंपरा समुद्रावरून आपल्याकडे आली होती. ग्रीक व लॅटिन व्याकरणांत कर्तेपण, प्रथमा आणि क्रियापदाचा मेळ या तीन गोष्टी बहुधा एकाच नामाच्या ठिकाणीं एकत्र नांदतात. फादर स्टीफन्सचें कोंकणीचें व्याकरण, जें त्याच्या मृत्यूनंतर १६४० सालीं गोव्यांतील रायतूर येथें छापलें गेलें, तें याच लॅटिन घडणीचें. विल्यम कॅरे यानें १८०५ सालीं श्रीरामपुराहून मराठीचें व्याकरण इंग्रजींत प्रसिद्ध केलें. पुढें १८३६ सालीं दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचें 'महाराष्ट्र भाषेचें व्याकरण' निघालें. दादोबांचें वय त्या वेळीं बाविशीच्या आसपास होतें. त्यांच्यापुढें नमुना होता तो लिंडले मरे याच्या, १७९५ सालीं प्रथम निघालेल्या इंग्रजी व्याकरणाचा. वर्णलेखन, शब्दविचार, वाक्यरचना आणि छंद हे मरेचे चार विभाग. आणि वाक्यरचनेचा त्याचा पहिलाच नियम असा कीं, क्रियापदानें वचन व पुरुष यांबाबत आपल्या प्रथमान्त नामाशीं जुळलें पाहिजे. दादोबांनीं चौकट अशी इंग्रजींतून घेतली आणि कर्तरि, कर्मणि, भावे या संज्ञा संस्कृतांतून घेतल्या. एका तरुण माणसानें दोन्हीं हातांनीं दोन परंपरा धरून आपल्या भाषेस शास्त्राच्या पायरीवर चढविलें, हें काम सामान्य नव्हे. मात्र या दोन परंपरांचें एकमेकींशीं पटतें कीं नाहीं, हा प्रश्न त्या दिवसापासून मराठी व्याकरणाच्या दारांत उभा राहिला.

त्यांत आणखी एक भर पडली. जर्मनींत बेकर यानें वाक्य हें एका सजीव देहासारखें मानून त्याच्या अवयवांची उपपत्ति मांडली होती. तिच्या आधारें मोरेल यानें १८५२ सालीं वाक्यांच्या पृथक्करणावर इंग्रजींत पुस्तक लिहिलें आणि ती पद्धति शाळांतून रूढ झाली. वाक्याचे प्रथम दोन तुकडे करावयाचे: ज्याविषयीं बोलावयाचें तें उद्देश्य, आणि जें बोलावयाचें तें विधेय. मग एकेकाचा विस्तार कोष्टकांत भरावयाचा. आपल्या शाळांतील वाक्यपृथक्करण हें याच झाडाचें कलम होय.

आतां कोष्टक आणि कारक यांची गांठ कोठें पडते तें पाहूं. 'मुलगी आंबा खाते' या वाक्याविषयीं कोणाचीच तक्रार नाहीं. मुलगी ही पाणिनीची कर्ता, मरेची प्रथमा आणि मोरेलचें उद्देश्यही. पण तीच गोष्ट काल घडली असें सांगतांच 'मुलीनें आंबा खाल्ला' असें वाक्य होतें आणि तिन्ही वाटा फुटतात. खाणारी मुलगी, प्रथमा आंब्याची, आणि 'खाल्ला' हें क्रियापदही आंब्याच्याच लिंगवचनाप्रमाणें चालतें. मरेच्या नियमानें आंबा हा वाक्याचा धनी ठरतो, आणि अर्थाच्या दृष्टीनें तर तो पोटांत गेलेला! 'मुलीनें बोक्याला पकडलें' येथें याहूनही विचित्र स्थिति आहे. क्रियापद मुलीचेंही ऐकत नाहीं आणि बोक्याचेंही ऐकत नाहीं. तें नपुंसकलिंगी एकवचनांत तटस्थ राहतें. प्रथमेंत तर कोणीच नाहीं. इंग्रजी कोष्टकांत असें वाक्य घालावयाचें तर त्याचे हातपाय मोडल्यावांचून तें बसत नाहीं.

ही रचना मराठींत आली कोठून, हें पाहिल्यास पुष्कळ उलगडा होतो. संस्कृतांतील भूतकाळाचे जुने आख्यात प्रकार प्राकृतांत लोपत गेले आणि त्यांची जागा कर्मणि भूतकृदन्तानें घेतली. 'तेन आम्रः खादितः' या धर्तीच्या वाक्यांतील खादित यास पुढें 'ल' हा प्रत्यय जोडला जाऊन आपलें 'खाल्ला' हें रूप झालें. तें मुळांत विशेषणासारखें असल्यामुळें आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळें खाल्लें असें वस्तूप्रमाणें बदलतें. अकर्मक धातूंत वस्तूच नसते, म्हणून 'मुलगी गेली' येथें तें जाणारीशीं जुळतें. हा कांहीं एकट्या मराठीचा चमत्कार नव्हे. हिंदी व गुजराती यांचा भूतकाळ असाच चालतो, बंगालीनें मात्र ही रीत टाकून दिली. आणि जिचा आपल्याशीं कसलाही रक्तसंबंध नाहीं अशा युरोपांतील बास्क भाषेंतही सकर्मक क्रियेच्या कर्त्यास निराळा प्रत्यय लागतो. अलीकडील भाषाशास्त्रज्ञ अशा रचनेस 'एर्गेटिव्ह' म्हणतात.

जन्मानें ही रचना कर्मणि असली तरी आजच्या बोलणाराच्या मनांत तसा भाव उरलेला नाहीं, ही दुसरी महत्त्वाची गोष्ट होय. जुन्या मराठींत करिजे, देइजे अशीं निराळीं कर्मणि रूपें होतीं. तीं नाहींशीं झालीं. त्यांपैकीं 'म्हणिजे' यापासून आलेलें 'म्हणजे' आणि 'पाहिजे' हीं दोन मात्र आपण आज दिवसांतून शंभर वेळां वापरतों, व तीं कर्मणि आहेत असें कोणाच्या स्वप्नींही येत नाहीं. 'खाल्ला' याचेंही तसेंच झालें आहे. कर्त्यानें आपली जागा हळूहळू परत मिळविल्याच्या खुणा भाषेंत जागोजाग आढळतात. 'तूं काम केलेंस' यांत 'केलें' हा भाग कामाशीं जुळतो आणि शेवटचा 'स' तुजशीं. एक चाकर दोन धन्यांची सेवा करीत आहे. वैयाकरणांनीं यास कर्तृकर्मसंकर असें नांव दिलें. 'ती पाणी प्याली', 'ती धडा शिकली', 'ती छत्री विसरली' यांत तर कर्म समोर असतांही क्रियापद उघडपणें कर्त्याकडे गेलें आहे. सर्वनामांचीही तीच कथा. पूर्वीचे लोक 'म्यां केलें', 'तुवां केलें' असें म्हणत. मग 'मीं केलें' व 'आम्हीं केलें' अशा अनुस्वारापुरती ती तृतीया उरली; उच्चारांतून तोही गेलाच होता, आणि १९६२ सालच्या लेखननियमांनीं तो लेखनांतूनही गेला. एका टिंबाबरोबर वाक्यरचनेची एक खूण पुसली गेली, हें फारच थोड्यांच्या लक्षांत आलें.

मग 'मुलीनें आंबा खाल्ला' यांत वाक्याचा धनी कोण, हें ठरवावें कसें? आमच्या मतें याचें उत्तर भाषेलाच विचारावें. 'घरीं जाऊन मुलीनें आंबा खाल्ला' असें म्हणून पाहा. घरीं कोण गेलें? आंबा घरीं गेला असें कोणतेंही मराठी मूल समजणार नाहीं. 'मुलीनें आपला आंबा खाल्ला' यांतील 'आपला' मुलीकडेच जातो. म्हणजे क्रियापदाचें रूप आंब्याच्या ताब्यांत असतांही 'ऊन' आणि 'आपला' हीं पदें मुलीसच धनीण मानतात. हाच प्रयोग थोडा पुढें न्यावा. 'आंबे पाहून मुलीला आनंद झाला' यांत क्रियापद आनंदाशीं जुळतें, पण आंबे पाहिले ते मुलीनें. 'तिला आपल्या गांवची आठवण येते' येथेंही तसेंच. यावरून असें दिसतें कीं, मराठी वाक्यांत शब्दांना बांधणाऱ्या दोऱ्या एकाहून अधिक आहेत. क्रियापदाचा मेळ ही एक दोरी आणि कर्तेपण ही दुसरी. कधीं त्या एकाच नामाला बांधलेल्या असतात, कधीं दोन नामांना. लॅटिन घडणीच्या व्याकरणानें त्या एकच मानल्या, आणि आमचा सगळा घोंटाळा तेथून उत्पन्न झाला. पाणिनीनें कारक व विभक्ति यांत जो भेद केला तो येथें अधिक उपयोगी पडतो. पण त्याचीही नुसती नक्कल करून भागत नाहीं. 'केलेंस' यांतील दुहेरी चाकरी संस्कृतांत नाहींच.

आपल्या वैयाकरणांनीं या प्रश्नाची उपेक्षा केली नाहीं. कृष्णशास्त्री चिपळूणकरांचे शालापत्रकांतील व्याकरणविषयक निबंध १८९३ सालीं पुस्तकरूपानें निघाले, ते आजही वाचावे इतके ताजे आहेत. विविधज्ञानविस्ताराचे रा. भि. गुंजीकर यांनीं या चर्चेंत आपली भर घातली. या सर्वांचीं मतें एके ठिकाणीं आणून, एकेकाची तपासणी करून निर्णय देण्याचें प्रचंड काम मोरो केशव दामले यांनीं १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणां'त केलें. कवि केशवसुतांचे हे बंधु १९१३ सालीं रेल्वेच्या अपघातांत वारले. नाहींतर हा विचार त्यांच्याच हातून आणखी पुढें गेला असता. १९६४ सालीं अरविंद मंगरूळकरांनीं मराठी व्याकरणाचा पुनर्विचार मांडला, आणि कृ. श्री. अर्जुनवाडकरांनीं दामल्यांचा ग्रंथ संपादून व वादांचा इतिहास लिहून ही परंपरा जागती ठेवली.

इतकें होऊनही शाळेंतील मूल प्रयोग आणि पृथक्करण हीं दोन प्रकरणें दोन निराळ्या विषयांसारखीं पाठ करितें, हें आम्हांस खेदाचें वाटतें. एका प्रकरणांत त्याला क्रियापद कर्माप्रमाणें चालतें असें सांगावयाचें, दुसऱ्यांत उद्देश्याच्या रकान्यांत मुकाट्यानें 'मुलीनें' लिहावयास लावावयाचें, आणि या दोहोंचा मेळ कसा बसतो याविषयीं अवाक्षर काढावयाचें नाहीं. परिणाम असा होतो कीं, आपली भाषाच कांहीं तरी अव्यवस्थित आहे आणि नियमांत बसते ती इंग्रजी, असें त्याच्या मनानें घेतलेलें असतें. ही समजूत पुढें पदवी घेतली तरी जात नाहीं. वस्तुतः मराठी वाक्यास व्यवस्था आहे आणि ती बारीक आहे. घरीं जाऊन आंबा कोणी खाल्ला, हें पांच वर्षांच्या मुलालाही बिनचूक कळतें. तें त्याला कसें कळतें हें नीट सांगणें, एवढेंच व्याकरणाचें काम. आणि तें सांगतांना मोजपट्टी भाषेसाठीं असते, भाषा मोजपट्टीसाठीं नसते, एवढें शिकविणारानें विसरूं नये.